वरून थोडं

नागपूरच्या मे महिन्यात गाडीचा एसी बंद पडतो म्हणजे काय होतं, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना समजावून सांगता येत नाही. त्यांच्याकडे एसी बंद पडला की घाम येतो. आमच्याकडे घाम यायच्या आधीच वाळतो आणि माणूस नुसता खारट होतो.

त्या दिवशी आम्ही इतवारीतल्या एका लग्नाला निघालो होतो. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. तो काढणाऱ्या गुरुजींच्या घरी कूलर दणकट असावा. ही पैठणीत, मी सफारीत. धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंत येतो न येतो तोच डॅशबोर्डच्या जाळीतून पोळीच्या तव्यावरून आल्यासारखी हवा यायला लागली.

"अहो, हीटर लागलाय का?"

"एसीच आहे. एकवर आहे."

"मग चारवर करा."

चारवर केलं. गरम हवा चौपट जोरानं यायला लागली.

"खिडकी उघडा."

उघडली.

"लावा, लावा!"

लावली. मांडवात शिरलो तेव्हा हिचे डोळे लाल, नाक लाल, काजळ गालावर. एका बाईंनी जवळ घेऊन विचारलंच, "मुलीकडच्या का हो तुम्ही? असू द्या, पोरगी गावातच तर राहणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन चौकातल्या कडुनिंबाखालच्या गॅरेजात गेलो. तिथला मुलगा खर्रा घोटत होता. गाडीकडे न पाहता त्यानं निदान केलं. तोंडात खर्रा असल्यामुळे ते "गॅश शंपला" असं ऐकू आलं.

पोट आणि एसी या दोन्हींच्या दुखण्याला आपल्याकडे एकच निदान आहे. पोटात गॅस जास्त झालेला असतो आणि एसीत कमी, एवढाच फरक. दोन्हीकडे तज्ज्ञ तपासत मात्र नाही. चेहरा पाहून सांगतो.

"गॅस मारून देतो," खर्रा गालात सरकवून तो म्हणाला, "आन् वरून थोडं ऑईल बी मारून देतो. कॉम्प्रेसर मख्खन चालंन."

आता "वरून थोडं" या दोन शब्दांना नाही म्हणणारा माणूस नागपुरात जन्माला यायचा आहे. आम्ही पोह्यांवर तर्री घेतो आणि त्या तर्रीवर "वरून थोडी" आणखी घेतो. सावजीच्या रश्श्यावर बोटभर तवंग नसेल तर स्वयंपाक्याचा हात आखडला असं समजतो. त्यामुळे तो "वरून थोडं ऑईल" म्हणाला तेव्हा मला त्याच्याविषयी आपुलकीच वाटली. फुकट देतोय बिचारा, असंही वाटलं. बिलात ते वेगळं लावलेलं होतं.

इथे माझा पूर्वेतिहास सांगणं भाग आहे. मी ३३ वर्षं बँकेत होतो, त्यातली शेवटची नऊ लेखापरीक्षणात. खातेवह्या हातानं लिहायच्या काळात आमच्या शाखेत एकदा २७ पैशांचा फरक आला होता. २७ पैसे! खिशातून टाकतो म्हणणाऱ्या शिपायाला मीच रागावलो होतो. फरकाला नऊनं भाग गेला की बहुधा कुणीतरी शेजारशेजारचे दोन आकडे उलटे लिहिलेले असतात, हे हिशेबनिसांचं जुनं गुपित. त्या आधारानं रात्री साडेनऊला सापडलं: एका नोंदीत ६३ पैशांचे ३६ झाले होते. संसारात ६३ चा ३६ व्हायला काही वर्षं लागतात, आमच्या कारकुनानं ते एका झटक्यात केलं होतं.

तर असा मी. "थोडं म्हणजे किती?" हा प्रश्न आयुष्यभर दुसऱ्यांना विचारून मी पगार घेतला. आणि माझ्या स्वतःच्या गाडीत कुणी "थोडं" ओतत होता, तेव्हा मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो.

एसी आठ दिवस गार होता. नवव्या दिवशी तवा परत चढला.

दुसरं गॅरेज काचेचं होतं. तिथं टोकन मिळालं, थंड पाणी मिळालं, भिंतीवर चमचमीत गाडीचं चित्र होतं. आत एका पोरानं साबणाचा फेस लावलेला ब्रश इंजिनासमोरच्या जाळीवर फिरवला. एका कोपऱ्यात बुडबुडे आले. निदान झालं: कंडेन्सर गळतो. या वेळी निदान खरं होतं, हे मी त्यांच्या बाजूनं आवर्जून नोंदवतो. नवा कंडेन्सर बसला.

"ऑईल टाकलं ना?" मी विचारलं. एका गॅरेजच्या अनुभवानं मी स्वतःला जाणकार समजायला लागलो होतो.

"टाकलं ना जी. जुन्या कंडेन्सरसोबत थोडं निघून जाते, तेवढं टाकावंच लागते."

"किती निघून गेलं?"

"थोडं."

"मग टाकलं किती?"

त्यानं हवेत बाटली तिरपी करून दाखवली. त्या तिरपेपणावरून मी अदमास घ्यायचा होता. मी घेतला. आमची अंदाजपंचे दाहोदरसे ही पद्धत पिढीजात आहे. माझी आई भाजीत तेल घालताना "बस" असं स्वतःलाच म्हणायची, आणि त्यानंतरही थोडं घालायची.

पंधरा दिवसांनी इंजिनाकडून कर्र असा आवाज यायला लागला. वर्धा रोडवरच्या तिसऱ्या गॅरेजवाल्यानं मान तिरपी करून तो आवाज ऐकला, आमचे वैद्य नाडी पाहत तसा, आणि डोळे मिटून म्हणाला, "कोरडा पडला. ऑईल कमी आहे." त्यानंही मारलं. आवाज थांबला. पण गारवाही कमी झाला. "नवीन ऑईल आहे, सेट व्हायले टाइम लागंन," असं त्यानं सांगितलं. आमच्याकडे नवी सून, नवी चप्पल आणि नवं सरकार यांच्याविषयीही हेच सांगतात, म्हणून पटलं.

निवृत्त माणसाच्या हाती वेळ असतो. मी रात्री चष्मा लावून वाचायला बसलो. कळलं ते असं, की कारखान्यातून एसी बसवून येणाऱ्या पहिल्या गाड्या पॅकार्ड या अमेरिकन कंपनीच्या, १९४० च्या मॉडेलच्या. त्यांतला एसी बंद करायचा तर इंजिन थांबवायचं, बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरचा पट्टा काढायचा. मी हिला उत्साहानं हे वाचून दाखवलं. ही म्हणाली, "त्यांना बंद करायला बॉनेट उघडावं लागायचं, तुम्हाला चालू करायला. ८० वर्षांत एवढी प्रगती झाली म्हणायची."

मग मेहुणा आला.

प्रत्येक घरात एक मेहुणा असा असतो की ज्याचा एक मित्र ते काम करतो. काम कुठलंही असो. आमच्या मेहुण्याचा एक मित्र फ्रिज दुरुस्त करतो.

"भाऊजी, फ्रिज काय नि गाडीचा एसी काय? गॅस तोच, तेल तेच. थंडच तर करायचं आहे."

मित्र आला. त्याच्याकडे तेलाची जुनी बाटली होती. त्यानं गेजच्या नळीत ते तेल ओतलं आणि मागून गॅसच्या दाबानं आत ढकललं. मी विजेरी धरली होती. या सगळ्या प्रकरणात माझं काम प्रत्येक ठिकाणी विजेरी धरण्याचंच होतं, आणि मी ती नेमकी चुकीच्या जागी धरत होतो.

"किती गेलं?" मी विचारलं.

"थोडं."

"वरून?"

"हो, वरून थोडं."

उरलेली बाटली घरीच राहिली. हिनं त्यातलं मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना लावलं. ते दार सहा वर्षं कुरकुरत होतं, त्या दिवसापासून गप्प आहे. त्या तेलाचा एवढाच फायदा झाला.

कारण एसी आता अशी हवा सोडत होता की ती गरम म्हणवत नव्हती आणि गार म्हणायला जीभ धजत नव्हती. सरकारी पत्रात "योग्य ती कार्यवाही सुरू आहे" असं असतं ना, तसं त्या हवेचं होतं.

शेवटी एका शेजाऱ्यानं महालातल्या एका उस्तादांचा पत्ता दिला. "तिथं वेळ लागतो," तो म्हणाला, "आणि ते बोलू देत नाहीत." चौथं बिल होणार होतं, म्हणून या वेळी ही स्वतः आली. आपल्या मित्राची बाजू मांडायला मेहुणाही स्कूटरवरून मागोमाग आला.

उस्तादांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. एका फळीवर ओळीनं काचेची नळकांडी: शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तसले मापाचे सिलिंडर. शेजारी गॅस तोलायचा काटा. आणि खिळ्याला दोरीनं टांगलेली एक वही. मी ती वही उघडली आणि माझे डोळे भरून आले. दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं "निघालं". दुसऱ्यावर "टाकलं". किर्द! पत्र्याच्या शेडमध्ये किर्द!

"कोणी काय काय टाकलं?" उस्तादांनी विचारलं.

मी पहिल्या गॅरेजपासून सुरुवात केली. "थोडं... मग अंदाजे थोडं... मग कमी वाटलं म्हणून थोडं... मग यांच्या मित्रानं..."

"थोडं," उस्तादांनी वाक्य पुरं केलं. मग मेहुण्याकडे वळून म्हणाले, "कोणतं तेल होतं?"

"फ्रिजचं. जुनी बाटली होती, पण एकदम शुद्ध."

उस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला नाही, पण तो हात निघाला होता आणि वाटेत कानाकडे वळला. ते कान खाजवत म्हणाले, "साहेब, गॅसचं आन् तेलाचं गोत्र पाहावं लागते. पहिले गाडीत आर-१२ गॅस राहे. त्याच्यासोबत खनिज तेल बरोबर नांदे. त्या गॅसनं वरच्या ओझोनले भोक पडून राहिलं होतं, म्हणून तो बंद केला."

"१९८७ चा मॉन्ट्रियल करार!" मी ओरडलो. एवढं एकच मला माहीत होतं.

"असंन. मंग आला १३४-ए. याचं खनिज तेलाशी पटत नाही. तेल एका कोपऱ्यात रुसून बसते, गॅससोबत फिरतच नाही. मंग कॉम्प्रेसरपाशी परत कसं येईन? याले लागते पेग."

"काय लागतं?" ही दचकली.

"पेग, ताई. पेग ऑईल."

मी घाईघाईनं खुलासा केला की ते पॅग, पॉलिअल्किलीन ग्लायकॉल. हिचं समाधान झालं नाही. मेहुणा एकाएकी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

"पण उस्ताद," मी म्हणालो, "इंजिन ऑईलला कशी पट्टी असते, बाहेर काढली की कळतं किती आहे. तशी पट्टी एसीला कुठे असते?"

"नाही राह्यत. तेच तर सांगून राहिलो. हे तेल एका जागी बसते कुठं? गॅससोबत हिंडते. थोडं कॉम्प्रेसरमधी, थोडं कंडेन्सरमधी, थोडं आतल्या कूलिंग कॉइलमधी, थोडं ड्रायरमधी. डोळ्यानं दिसत नाही. म्हणून लिहून ठेवा लागते. कॉम्प्रेसर बदलला, तर जुन्यातलं तेल काढून मोजायचं. नवा डब्यातून येते तो बहुधा पोटभर तेल घेऊन येते, पूर्ण सिस्टिमचं. ते सगळं काढायचं आन् जुन्यातून जेवढं निघालं तेवढंच त्याच्यात टाकायचं. लोक काय करते? नवा तसाच चढवते. जुनं तेल पाइपात बसलेलंच आहे, वरून हे नवीन. झालं दुप्पट."

म्हणजे आरंभीची शिल्लक न पाहता नवीन जमा! मला आमच्या एका शाखेची आठवण झाली. तिचं नाव घेत नाही.

"आन् कॉइल बदललं तर त्याच्या हिशेबानं ३०-४० मिली. कंडेन्सर बदलला तर तसंच काही. ड्रायरले १०-१५. कंपनी-कंपनीचा आकडा वेगळा, पुस्तकात दिला राह्यते. आन् नुसता गॅस झिरपून गेला, तेलाचा डाग कुठंच नाही, तर तेल टाकायचंच नाही. गॅस काही पेट्रोल नव्हे, साहेब. जळत नाही, संपत नाही. कमी झाला म्हणजे पळाला. पळतानी बहुतेक वेळा तेल सोबत नेते. म्हणून जिथं तेलकट डाग दिसला तिथं पहिले पाहायचं."

"पण थोडं जास्त झालं तर काय बिघडलं?" मेहुण्यानं मित्राच्या वतीनं विचारलं. "कमी पडण्यापेक्षा बरं."

उस्तादांनी त्याला विचारलं, "पंगतीत पोट भरल्यावर ताटावर हात आडवा धरता का नाही?"

"धरतो."

"आन् वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी टाकते, तेव्हा?"

"तेव्हा... तेव्हा खातो."

"कॉम्प्रेसरले हात नाही राह्यत आडवा धराले."

मग त्यांनी सांगितलं ते मला तर्रीच्या भाषेत समजलं. तेल जास्त झालं की कूलिंग कॉइलच्या नळ्यांच्या आतून त्याचा तवंग चढतो. गॅस आतून जातो, पण मधे तेलाचं अस्तर असल्यामुळे बाहेरच्या हवेतली उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही. गॅसच्या वाटची जागाही तेल अडवतं, दाब चढतो. आणि तेलाचा लोंढा कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर झडपाच मोडतात, कारण वायू दाबला जातो, तेल दाबलं जात नाही. कमी पडलं तर याहून वाईट: कॉम्प्रेसर कोरडा घासतो, जाम होतो आणि त्याचा धातूचा चुरा सगळीकडे पसरतो. थोडक्यात, कमी नको, जास्त नको, हवं तेवढंच हवं. आमच्या ३८ वर्षांच्या संसारात हिनं एवढी एकच मागणी माझ्याकडे केली आहे.

काम सुरू झालं. उस्तादांनी आधी यंत्रानं गॅस काढून घेतला. मग कॉम्प्रेसर उतरवला, उलटा धरला आणि त्याचा शाफ्ट हातानं गोल गोल फिरवत राहिले. आतून तेल निथळायला लागलं. बाळाला दूध पाजून झाल्यावर पाठ थोपटतात, तितक्या सबुरीनं ते चाललं होतं. कंडेन्सर, कॉइल, पाइप वेगवेगळे करून नायट्रोजनच्या दाबानं त्यातलं तेल बाटलीत उडवलं. प्रत्येक वेळी सिलिंडर डोळ्यांच्या रेषेत धरायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. मला पेन दिलं होतं. निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी माझ्या हाती विजेरीऐवजी पेन दिलं.

बेरीज मी केली. "निघालेलं २१६."

"आत चिकटून राह्यलेलं १० धरा. सगळं कधी निघत नाही."

"२२६. आणि हवं किती?"

"या गाडीले १००."

"फरक १२६!" मी उडालोच. "उस्ताद, १२६ ला नऊनं भाग जातो! नऊ चोक छत्तीस, नव्वद... हो, १४ वेळा! कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत!"

"आकडे नाही, साहेब," उस्ताद शांतपणे म्हणाले. "बाटली उलटी केली."

या आनंदात मी हात उंचावले. एका हातात मापाचा सिलिंडर होता, हे मला फरशीवर आवाज झाल्यावर आठवलं.

शेडमध्ये शांतता पसरली. फळीवरचे बाकीचे सिलिंडर दुसऱ्या गॅसच्या, दुसऱ्या तेलाच्या गाड्यांसाठी होते. उस्ताद एकाचं माप दुसऱ्याला लावत नाहीत. तोवर पाइप साबणानं नव्हे, योग्य त्या द्रावणानं धुऊन, नायट्रोजननं सुकवून तयार होते. नवा ड्रायर पाकिटातून निघायच्या बेतात होता. आणि पॅगची बाटली फार वेळ उघडी ठेवता येत नाही. हे तेल हवेतली ओल पितं. ती ओल आत गेली की झडपेच्या तोंडाशी बर्फ होऊन बसते, आम्ल तयार होतं, सगळं सडतं.

"आता मोजायचं कशात?" उस्तादांनी विचारलं. "मले ९० मिली पाह्यजे. १० आत आहे, ९० टाकायचं. अंदाजानं मी टाकणार नाही. दुकानं आता चारनंतर उघडतीन."

मी खाली मान घालून काचा वेचत होतो. ही आपल्या पर्समध्ये खोकल्याच्या औषधाचं टोपण शोधत होती. तेवढ्यात मेहुणा घसा खाकरून म्हणाला, "एक मिनिट."

तो बाहेर गेला. स्कूटरची डिक्की उघडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात स्टीलचं एक छोटं भांडं होतं, डमरूच्या आकाराचं. एका तोंडावर ३० कोरलेलं, दुसऱ्यावर ६०.

इथे सांगायला हवं की माझा मेहुणा दोन्ही घरांत निर्व्यसनी म्हणून प्रसिद्ध आहे. चहासुद्धा अर्धा कप घेतो. सासूबाई त्याचं उदाहरण मला देत असत.

"हे काय रे?" हिनं विचारलं.

"माप आहे, ताई."

"कशाचं?"

"काढ्याचं."

"काढा ६० मिली?"

"कोरोनात डबल घ्यायला सांगितला होता ना."

"आणि तो स्कूटरच्या डिक्कीत घ्यायला सांगितला होता?"

उस्तादांनी ते माप हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. उन्हात धरून कड पाहिली. आणि अत्यंत गंभीरपणे निर्वाळा दिला, "माप बरोबर आहे." हे त्यांना नुसतं पाहून कसं कळलं, ते मी विचारलं नाही. हिनंही मला बरंच काही विचारलं नाही, उदाहरणार्थ ते भांडं बघताच मी "अरे वा, दोन्ही बाजूंचं!" असं का म्हणालो.

माप पुसून, बाहेरच्या ४४ अंशांत दोन मिनिटं ठेवून खडखडीत वाळवण्यात आलं. मग उस्तादांनी सीलबंद बाटली फोडली.

"एक लार्ज," ते पुटपुटले. ओतलं.

"एक स्मॉल." ओतलं.

बाटलीचं झाकण लगेच घट्ट. वहीत नोंद: "टाकलं ९०". एक थेंब वर नाही, एक थेंब खाली नाही. मेहुणा शेजारी उभा राहून तो काठोकाठ भरलेला वक्र पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला प्रथमच एखाद्या विषयातल्या खऱ्या जाणकाराचं तेज दिसलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याला मोजता येत नाही, असं मी इतके दिवस समजत होतो. खोटं आहे ते. सोनाराकडे आपण गुंजेपर्यंत मोजतो. शेताच्या बांधावर वीतभर सरकलं तर तीन पिढ्या कोर्टात जातो. बैठकीत ३० चे ३५ झाले तर शेजारच्या ग्लासाकडे बोट दाखवतो. मोजमाप रक्तात आहे आपल्या. फक्त दुसऱ्याच्या गाडीत काही ओतायचं असलं, की आपला हात सढळ होतो. आणि ज्याची गाडी असते तो विजेरी धरून कौतुकानं बघत राहतो.

उस्तादांनी अर्धा तास व्हॅक्यूम मारला. "चहा पिऊन या, पंप थांबवणार नाही," म्हणाले. पाइपातली हवा आणि ओल निघून जायला तेवढा वेळ लागतो. पुढे काट्यावर सिलिंडर ठेवून गॅस भरला, तोही तोलून, किराणा दुकानदार केशर तोलतो तसा. मग इंजिन सुरू केलं, एसी लावला, जाळीत थर्मामीटर खोचला. ३०. २२. १६. १२. काटा अकरावर येऊन टेकला.

ही गाडीत बसली, काच वर केली आणि डोळे मिटून घेतले. दहा मिनिटं उतरली नाही. मेहुण्यालाही तेवढीच दहा मिनिटं मिळाली. तो स्कूटर काढून निघून गेला. माप न्यायला तो परत आलेला नाही. उस्तादांनी ते फळीवर, फुटलेल्या सिलिंडरच्या जागी ठेवलं आहे आणि त्यावर खडूनं "पेग" असं लिहिलं आहे, जे दोन्ही अर्थांनी खरं आहे.

बिल चारही गॅरेजांत सगळ्यात मोठं झालं. त्यात एक मापाचा सिलिंडरही होता. मी तपासलं, बेरीज बरोबर होती, सही केली.

तेव्हा वाचकहो, गाडीच्या एसीसाठी गॅरेजात गेलात आणि कुणी प्रेमानं "वरून थोडं ऑईल मारून देतो" म्हणालं, तर त्याचा हात धरा आणि आधी विचारा: निघालं किती? उत्तर मिलिलिटरमध्ये आलं तर चावी द्या. "थोडं" असं आलं तर चावी खिशात ठेवा, खिडक्या उघडा आणि घरी या. आणि मोजायला मापच नसेल, तर घाबरू नका. आपापल्या मेहुण्याची डिक्की उघडा.